वळणावरचा धूर

रुळाच्या पलीकडं इसरूनं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला, आणि रुळाच्या अलीकडं, आपल्या धानाच्या बांधीच्या उंच पाळीवर, लटारूनं ओल्या पाल्याच्या ढिगाला काडी लावली.

खाली मूठभर तणस, वर बोडीच्या, गावच्या तळ्याच्या, काठावरून तोडून आणलेला बेशरमाचा पाला. असा ढीग पेटत नाही, नुसता धुमसतो. वारा जंगलाकडून रुळाकडं वाहत होता. धूर आधी गुडघ्याएवढा झाला, मग माणसाएवढा, आणि मग डुलकी मोडून उठलेल्या म्हशीसारखा हळूहळू वळणाकडं निघाला.

पलीकडून इसरू ओरडला नाही. रोज ओरडायचा. आज त्यानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं भिंगाची काच पुसली आणि नुसता हात वर केला.

"लटारू, आजच्या दिवस नको करू."

"माह्या वावरात मी काई बी जाळीन. तुह्या बापाचं जळून राह्यलं का?"

"उद्यापासून कर. रोज कर. मी नाई म्हनत नाई."

"काऊन? आज कोन येऊन राह्यलं? तुहा जावई?"

इसरूनं तिकाटणं उचललं आणि तो वळणाच्या कडेनं पळसापर्यंत सरकला. पळस पानं टाकून नुसता फुलांनी पेटला होता. लटारूनं त्याला तिथं नीट उभं राहू दिलं, तिकाटण्याचे पाय मातीत रोवू दिले. मग टोपलीभर पाला उचलला आणि पाळीवरून चालत तोही पळसासमोर आला. दुसरी काडी ओढली.

धान निघाल्यापासून हे असं चाललं होतं. त्याआधी, बांधीत उभं पीक होतं तेव्हा, लटारू घरातला आरसा घेऊन यायचा आणि ऊन पकडून नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यात मारायचा. त्याची बायको चंदा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायची, "मले बिनआरशाचं कुंकू लावा लागते, अन् हे त्या फोटूवाल्याले तोंड दाखवाले घेऊन जाते." तिनं आरसा लपवला, तेव्हा लटारूनं धूर शोधला. एक पथ्य मात्र तो पाळायचा. वळणापलीकडच्या सिग्नलवर धूर जाणार नाही, असाच ढीग रचायचा. वैर इसरूशी होतं, रेल्वेशी नव्हतं.

चिखलबोडीत कोणाला सांगून खरं वाटलं नसतं की हेच दोघं एका ताटात जेवलेले. इसरूचा फोटोचा धंदा. लग्नं, बारशी, शाळेचे गट. पण जीव सगळा गाडीत. एका लग्नात ऐन अंतरपाट दूर होताना मालगाडीचा भोंगा वाजला, आणि इसरू मांडव सोडून रुळाकडं पळाला. त्या जोडप्याच्या अल्बमात हार घालतानाचा फोटो नाही. कोळशाचे डबे आहेत. नवरदेव अजून त्याला रस्त्यात गाठून विचारतो, "काका, माही बायको कोन्त्या डब्यात हाय?"

आणि लटारू छोट्या, नॅरोगेज लाइनच्या शेडात फिटर. ती लाइन बंद झाली, रूळ उखडून नेले, तेव्हा माणसं म्हणाली, आता मोठी गाडी येईल. आली. पण लटारूच्या कानात छोटी तशीच राहिली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया चिखलात वाकून गायच्या,

*छोटी गाडी आली बाई, बोडीच्या गं पाळीनं,*
*हाक दिली माहेराची, धुराच्या गं ओळीनं.*

ती हाक परत ऐकायची म्हणून दोघांनी इसरूच्या दुकानामागच्या खोलीत गाडी उभी केली. हातभर उंचीच्या लाकडी घोड्यांवर मांडवाच्या जुन्या फळ्या टाकल्या. मोडक्या छत्र्यांच्या काड्या सरळ करून त्यांचे रूळ केले, बांबूच्या कामट्यांचे स्लीपर. भुशाची जमीन, झुडपांच्या मुळ्यांची मोहाची झाडं, पळसाच्या लाखेची इवली माणसं. लटारूनं तुपाच्या डब्याचा पत्रा कापून इंजिन घडवलं. शिवणयंत्राच्या बॉबिनची चाकं लावली, पोटात टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. पहिल्यांदा ती गाडी बोडीच्या काठानं वळली, तेव्हा दोघंही हसले नाहीत. गुडघ्यांवर बसून, गाल फळीला लावून, डोळे रुळाच्या पातळीवर आणून बघत राहिले. लटारूचा पियुष तेव्हा लहान होता. इंजिनाला आवाज नव्हता, तो त्यानं दिला. दोन आखूड, एक लांब. विचारलं तर सांगायचा, "ते म्हनते, माय, बा, आलोऽऽ."

मोठा झाल्यावर पियुष खरंच गाडीचा ड्रायव्हर झाला. चिखलबोडीच्या वळणावर आला की भोंगा द्यायचा. दोन आखूड, एक लांब. चंदा हातातलं टाकून अंगणात यायची.

मग मागच्या पावसाळ्यात ते झालं.

इसरूनं वळणावर पियुषच्या गाडीचा व्हिडिओ काढला आणि गाडीवेड्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपचा एक रिवाज होता. नुसती गाडी टाकायची नाही. विजेचे खांब मोजून वेग काढायचा आणि खाली लिहायचा. हा हिशेब इसरूला लटारूनंच शिकवला होता. इसरूनं लिहिलं, 'जंगलाच्या वळणावर शंभराच्या घरात. शाबास, पियुष.' त्या टप्प्यात गाडी हळू न्यायची सक्ती होती, जंगली जनावरांसाठी. त्याच आठवड्यात रुळाच्या कडेला वाघाचा बच्चा मेलेला सापडला. तो कोणत्या गाडीखाली गेला, ते कोणालाच कळलं नाही. पण ते कौतुक फिरत फिरत साहेबांपर्यंत गेलं. पियुषला लाइनवरून काढलं आणि लांबच्या यार्डात डबे ढकलायला बसवलं.

लटारू त्या दिवशी इसरूच्या मागच्या खोलीत गेला. इंजिन उचललं, डबे उचलले, दुपट्ट्यात बांधले.

"आता तुह्या रुळावर तुहीच गाडी चालव," एवढं म्हणून निघाला.

तेव्हापासून रूळ इसरूकडं आणि गाडी लटारूकडं. गाडी त्याच्या घरात धान साठवायच्या ढोलीवर उभी होती. चंदा तिच्यावरची धूळ पुसायची. पियुष सुटीत यायचा. बापानं इसरूचं नाव काढून शिव्या सुरू केल्या की ताटावरून उठायचा, हात धुवायचा, बाहेर जाऊन बसायचा. लटारूला वाटायचं, पोराचा राग आपल्याहून मोठा आहे. म्हणून तो आणखी चार शिव्या द्यायचा. पुढं पियुष यायचा कमी झाला. फोन करायचा तोही मायलाच.

दुसऱ्या ढिगाचा धूर आता पळसाशी पोचला. इसरू खोकला. त्यानं पुन्हा जागा बदलली. लटारूनं पुन्हा टोपली उचलली. दोन म्हातारे रुळाच्या दोन बाजूंनी, एकाच चालीनं, एकाच दिशेला चालत होते. दुरून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, सोबतीनं फिरायला निघालेत.

तेव्हा लटारूच्या लक्षात आलं. ही कोणत्याच सवारी गाडीची वेळ नव्हती. मालगाडीसाठी इसरू कधी धुतलेला सदरा घालून येत नसे. आज घातला होता.

"लगनाले आला का बे?" त्यानं विचारलं.

"लटारू, मी हात जोडतो. पाच मिनटं."

"तुले हात जोडता येते? मले वाटलं, नुसतं बटन दाबता येते."

इसरूचं तोंड आवळलं गेलं. तो काहीतरी बोलणार होता. जीभ दाताखाली धरल्यासारखा थांबला. मग खाली वाकून कॅमेऱ्यात बघू लागला. लटारूनं मोठ्या ढिगावर उरलासुरला सगळा पाला ओतला. धूर दाट, पिवळट झाला आणि रुळावर आडवा पडला.

तेवढ्यात रूळ बोलू लागले. बारीक, सुई ओढल्यासारखे. लटारूनं न बघता ओळखलं, भरलेली मालगाडी आहे, आणि रांगत येते आहे. एवढ्या सबुरीनं या वळणावर कोणी येत नव्हतं. कोण असेल हा भित्रा, असं मनाशी म्हणेपर्यंत भोंगा वाजला.

दोन आखूड. एक लांब.

लटारूच्या हातातली टोपली खाली पडली.

तो ढिगावर धावला. पायानं पाला उधळला, दुपट्टा काढून झोडपू लागला. ओल्या बेशरमाला झोडपलं की तो विझत नाही, आणखी धुरतो. हे चिखलबोडीतलं शेंबडं पोरही सांगेल. धूर त्याच्या डोळ्यांत गेला, नाकात गेला. धुराच्या भिंतीपलीकडून इंजिनाचा दिवा पिवळ्या ठिपक्यासारखा सरकला. नुसती सावली. खिडकी कुठं आहे, तेही कळेना.

"पियुष!" त्यानं हाक मारली. ती खोकल्यात बुडाली.

गाडीतून हाक आली. पण त्याच्या बाजूनं नाही. पलीकडच्या खिडकीतून आली, पळसाच्या बाजूनं. आवाज तोच होता, पोराचा, हसऱ्या तोंडातला.

"इसरूकाका! पाह्यलं का?"

मग नुसते डबे. कोळशाचे, एकामागून एक, घाई नसलेले. लटारू दुपट्टा हातात घेऊन उभा होता. शेवटचा डबा गेला, आणि वारा थांबल्यासारखा धूर रुळावरच रेंगाळला. तो विरळ झाला, तेव्हा पलीकडं इसरू दिसला. कॅमेरा तिकाटण्यावर तसाच होता. इसरू त्याला हात न लावता उभा होता.

लटारू रूळ ओलांडून पलीकडं गेला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दोघं हाताच्या अंतरावर आले.

"त्यानं तुले सांगतलं होतं," लटारू म्हणाला.

"हो."

"मले नाई."

"सांगू नको म्हने. एक फेरी नीट जाऊ दे, मंग बाले मीच सांगतो, म्हने. काल रातच्याला फोन आला. लाइनवर घेतला त्याले परत." इसरूनं कॅमेऱ्याची मागची, फोटो दिसायची काच लटारूकडं वळवली. "घे. पाह्य. तुह्या पोराचा फोटो."

काचेवर धूर होता. मधोमध एक पिवळा ठिपका.

लटारूनं तो पाहिला. मग नजर इसरूच्या हातांकडं गेली. इसरू भिंगाचं झाकण बसवत होता, आणि ते बसत नव्हतं.

"काल फोन आला," लटारू हळू म्हणाला. "म्हन्जे आधी बी येत असन."

झाकण घसरलं.

"त्या दिवशी बी आला होता का? पावसाळ्यात?"

इसरूनं झाकण गवतातून उचललं, सदऱ्याला पुसलं. धुतलेल्या सदऱ्यावर काळा डाग पडला.

"वळनावर उभे राहा काका, मज्जा दाखवतो, असा आला होता," तो म्हणाला. "पोट्टं होय. मले बी हुरूप चढला. मी उभा राह्यलो."

"अन् तू हे आता सांगतं मले?"

"तू इचारलं कुठी? तू आला, गाडी उचलली, गेला." इसरूचा आवाज पहिल्यांदा चढला. "अन् सांगतलं असतं त? फोटूसाठी गाडी पळवली म्हनून साहेबाले कळलं असतं, त नोकरीच गेली असती त्याची. मी गप राह्यलो. अन् तू मले इतके महिने धूर चारला. साऱ्या गावाले सांगतलं, इसरूनं पोराच्या पोटावर पाय देल्ला. माहे लगनाचे काम गेले. लोकं म्हनते, याले बलावू नका, हा फोटू काढून फसवते."

ताटावरून उठलेलं पोर लटारूच्या डोळ्यांपुढं आलं. अर्धी भाकर, वर उपडा ठेवलेला पेला. त्यानं तोंड पुसायला दुपट्टा वर नेला. दुपट्टा जळका होता.

"म्हनून तू लय मोठा झाला काय?" एवढंच तो म्हणाला.

"नाई झालो. माह्या रुळावर जंग चढला," इसरू म्हणाला, आणि तिकाटणं खांद्यावर टाकून निघून गेला.

घरी चंदा अंगणात उभी होती. पिठाचे हात तसेच, बोटं फाकवलेली.

"आयकलं का? माह्या पोट्ट्याचा भोंगा होय तो. दुसऱ्या कोनाचा नाई." ती त्याच्याजवळ आली. "वावरातच होते ना तुमी? दिसला का? खराब झाला का चेहऱ्यानं?"

लटारूनं रांजणातून पाणी घेऊन तोंडावर मारलं.

"धूर होता," तो म्हणाला.

"कोनाचा?"

तो परत परत तोंड धूत राहिला. चंदानं त्याच्या जळक्या दुपट्ट्याकडं पाहिलं, मग दारातून ढोलीवरच्या इंजिनाकडं. आत गेली आणि पोळपाटावर लाटणं जरा जोरातच आपटलं.

दिवेलागणीला लटारू इसरूच्या दारात आला. बगलेत बोचकं होतं. दुकान बंद होतं. मागच्या खोलीत दिवा होता आणि दार नुसतं लोटलेलं. त्यानं ढकललं. इसरू स्टुलावर बसला होता. त्यानं मान वर केली.

"हात नको लावू माह्या रुळाले," एवढं म्हणाला.

लटारूनं बोचकं फळीच्या काठावर ठेवलं आणि सोडलं. इंजिन बाहेर काढलं. चंदानं पुसून पुसून त्याचा पत्रा आरशासारखा केला होता. मग त्यानं फळीवरून नजर फिरवली. छत्रीच्या काड्या तांबूस झाल्या होत्या. स्टेशनाची पाटी वाकली होती. बोडी, मोहाची झाडं, लाखेची माणसं, सगळ्यांवर धूळ बसली होती.

वळणाजवळ मात्र धूळ नव्हती. वळणाला नवा पळस होता, केशरी रंगाच्या ठिपक्यांचा. पळसासमोर, रुळाच्या अलीकडं, एक बांधी नवी होती, तिची पाळ नवी होती. आणि पाळीवर लाखेचा एक म्हातारा वाकून बसला होता. डोक्याला दुपट्टा, बाजूला डाळीच्या टरफलाएवढी टोपली. त्याच्यापुढून कापसाचा एक झुबका उठून रुळावर आडवा गेला होता. रूळ रिकामा होता. गाडी नव्हती, तरी म्हातारा धूर करत होता.

लटारू गुडघ्यांवर बसला. गुडघे करकरले. त्यानं गाल फळीला लावला आणि त्या म्हाताऱ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"कवा केलं हे?"

"तू धूर करून घरी गेला, का मी इथी येऊन बसायचो," इसरू म्हणाला. "हातात दुसरं काई नोतं."

"माही पाठ येवढी वाकली नाई."

"तुले मागून दिसते काय?"

लटारूनं बोट पुढं नेलं, थांबला, मग कापसाला नुसतं टेकवलं.

"धूर लय पांढरा केला. बेशरमाचा धूर पिवळा रायते. थोडी हळद लाव."

लटारूनं कापसाचा झुबका चिमटीत धरला आणि रुळावरून अलगद बाजूला केला. वळण मोकळं झालं. इसरू स्टुलावरून उठला, पुढं वाकला, आणि झुबका पुन्हा होता तिथं, रुळावर आडवा ठेवला.

"तिथीच होता तो," तो म्हणाला.

लटारूनं मान हलवली नाही. पण झुबक्याला परत हातही लावला नाही. इंजिन उचललं, सदऱ्याच्या टोकानं चाकं पुसली, आणि वळणावर, धुराच्या पलीकडं, रुळावर टेकवलं. चाकं काड्यांवर बसताना बारीक आवाज झाला. तो परत आपल्या जागी, लाखेच्या म्हाताऱ्यामागं येऊन बसला. इथून नुसता कापूस दिसत होता.

इसरू फळीला वळसा घालून पलीकडं गेला. पळसाच्या बाजूनं वाकला, एक डोळा मिटला.

"इकडं ये," तो म्हणाला. "इथून दिसते."

लटारू लगेच हलला नाही.